भीतीचं माप

मास्तरांनी पट्टीवरची लाकडी खुंटी बोटाने थेट शेवटपर्यंत ढकलली, आणि पुढे आणखी जागा आहे का म्हणून पट्टी उलटी करून पाहिली.

“काका, एवढी भीती?” समोरच्या मुलीने विचारलं.

“पट्टी आखूड आहे तुमची. माप मावत नाही,” मास्तर म्हणाले. जन्मभर लोकांची मापं घेतलेला शिंपी तो. स्वतःचं माप दुसऱ्याच्या हातात द्यायची वेळ पहिल्यांदाच आली होती.

मुलगी दातांच्या डॉक्टरकीचं शिकत होती. दवाखान्यात येताना मोठ्या, जाणत्या माणसांना किती भीती वाटते, ते मोजायचं काम तिला मिळालं होतं. हातभर लांबीची पट्टी, एका टोकाला हसरा चेहरा, दुसऱ्या टोकाला रडका, मध्ये सरकणारी खुंटी. खुंटी लाल रेघेच्या पुढे गेली, की त्या माणसाचा दात त्या दिवशी काढायचा नाही. धीर द्यायचा आणि पुन्हा बोलवायचं.

हे मास्तरांना कळलं ते रांगेत त्यांच्या आधी बसलेल्या गड्यामुळे. गडी असा, की तो आत येताना दारानेच अंग चोरून घ्यावं. मिशा अशा, की दोन टोकांना दोन ओले टॉवेल वाळत घातले तरी वाकू नयेत. त्याने खुंटी अशी ढकलली, की ती पट्टीतून सुटून कोपऱ्यातल्या कुंडीत जाऊन पडली. “पुढच्या आठवड्यात या,” हे शब्द कानांवर पडताच तो असा सुटला, की एक चप्पल त्याच्याबरोबर गेली आणि दुसरी जराशी मागून गेली.

मास्तरांना नेमकं तेच हवं होतं. पुढचा आठवडा.

त्यांच्या तोंडात आता एकच दात उरला होता. खालचा, डावीकडचा. जीभ लागली तरी डुलायचा. तो गेला की कवळी बसणार, आणि कवळी बसली की या दवाखान्याची पायरी चढायला काही कारणच उरणार नव्हतं. मास्तरांचा जीव त्या दातात नव्हता, तो आतल्या खोलीतल्या खुर्चीत होता. खरं तर खुर्चीच्याही पायथ्याशी.

त्यांचं घर माणसांनी भरलेलं. आई, भाऊ, भावजया, पोरं, आणि पुढच्या खोलीत कपडे टाकायला आलेलं सगळं गाव. चार माणसांत बायकोने कधी मास्तरांच्या कॉलरला हात लावला नाही. एकदा रस्त्यात त्यांचा पाय घसरला, तर यांना उठवायला तिने पलीकडच्या किराणावाल्याला हाक मारली होती. अशी लाजाळू.

पण पहिला दात काढायच्या दिवशी मास्तर खुर्चीत खरोखरच पांढरे पडले. उजवीकडे डॉक्टर, डावीकडे हत्यारांचा ट्रे, डोक्यावर दिवा. जागा उरली ती पायाशी, खुर्ची आणि कपाटाच्या बेचक्यात. बायको तिथे शिरली, आणि मोज्यावरून तिने त्यांच्या डाव्या पायाचा अंगठा मुठीत घट्ट धरला. परक्या माणसासमोर. दिवसाढवळ्या. मास्तरांची भीती जी पळाली, ती पुन्हा त्या वाटेला फिरकली नाही.

पण हे सांगतो कोण? मास्तरांनी उलट शेजारी कात्री असताना दोरा दातांनी तोडायला सुरुवात केली. साध्या दोऱ्याने काम होईना, तेव्हा जाड पिशव्यांचा सुतळीदोरा धरला. “कात्रीला काय गंज लागलाय?” असं ती ओरडायची. दात एकेक करून कामी आले. दर वेळी मास्तर खुर्चीत असे थरथरायचे, की ट्रेमधली हत्यारं वाजू लागायची. आणि दर वेळी अंगठा मुठीत जायचा. तिला उभं राहायला जागा व्हावी म्हणून ते पाय थोडा आत ओढून घ्यायचे, तेवढंच काय ते दोघांचं बोलणं.

मग ती गेली. तेव्हापासून मास्तर दोरा कात्रीने कापत होते आणि उरलेल्या दाताला तान्ह्या पोरासारखं जपत होते.

“आता हा चिमटा बोटाला लावते,” मुलगी म्हणाली. “नाडीचे ठोके कळतात.”

हातातल्या डबीवर आकडे उमटले. तिने डबी हलवून पाहिली.

“काका, खुंटी म्हणते जीव चाललाय, आणि नाडी म्हणते दुपारची झोप लागलीय.”

“नाडी लबाड आहे.”

“नाडी कशी लबाड असेल?”

“मालकावर गेलीय.”

तिला हसू आवरेना. ते ऐकून आतून म्हातारे डॉक्टर बाहेर आले. त्यांनी पट्टी पाहिली, डबी पाहिली, मास्तरांकडे पाहिलं.

“चला आत.”

“पण खुंटी तर…” मास्तर म्हणाले.

“खुंटी राहू द्या इथे. तुम्ही या.”

चिमटा बोटाला तसाच होता; मुलगी डबी घेऊन मागोमाग आली. खुर्चीत बसण्याआधी मास्तरांनी सवयीने डाव्या पायातला बूट काढून ठेवला. मोज्याला अंगठ्यापाशी भोक होतं. दुनियेचं फाटलेलं शिवणारा माणूस, पण बायकोच्या मुठीत झिजलेल्या त्या मोज्याला त्याने सुई लावली नव्हती.

डॉक्टरांनी बोटाने दात हलवला. “मास्तर, हा दात नाही राहिला, पाहुणा आहे. एखाद्या रात्री झोपेत गिळाल.”

“पुढच्या आठवड्यात बघू.”

“किती दिवस पुढचाच आठवडा चाललाय आपला.”

मास्तर छताकडे बघत राहिले. डॉक्टर हात धुवायला नळाकडे वळले आणि पाठमोरेच बोलू लागले.

“वहिनी दर वेळी तुमच्या पायाशी उभ्या राहायच्या, आणि जाताना छत्री विसरायच्या इथे. आठवतं?”

“हो. मी रिक्षा थांबवून उभा, आणि ही परत छत्रीला.”

“भर उन्हाळ्यातसुद्धा.”

मास्तरांची मान किंचित वळली.

“परत येऊन विचारायच्या, आता पुढचा दात कधी? मी सांगायचो, वहिनी, बाकीचे चांगले आहेत हो. की तोंड एवढंसं व्हायचं त्यांचं.” डॉक्टरांनी नळ बंद केला. “एकदा मीच म्हणालो, मास्तर फारच घाबरतात बुवा. तर हसल्या. म्हणाल्या, ‘ते कुठले घाबरताहेत!’ आणि छत्री घेऊन गेल्या.”

मुलीच्या हातातली डबी टिकटिक करू लागली, आधी हळू, मग भराभर.

“सर,” ती म्हणाली, “आता ठोके खूप वाढलेत. आता खरंच घाबरलेत हे. आज नको काढायला.”

डॉक्टर पुसलेले हात तसेच धरून मास्तरांकडे बघत उभे राहिले. “काय करू या मग? पुढचा आठवडा?”

मास्तरांनी जिभेने दात एकदा चाचपला. डुलला तो.

“काढा,” ते म्हणाले.

“नक्की?”

मास्तरांनी आ वासला. दिवा खाली आला. त्यांनी डोळे मिटले आणि डावा पाय थोडा आत ओढून घेतला.

“कपाटातला कापूस दे गं,” डॉक्टर म्हणाले.

मुलगी खुर्ची आणि कपाटाच्या बेचक्यात शिरणार होती. मोज्यातून डोकावणारा अंगठा तिला दिसला, आणि त्याच्यापुढे मोकळी सोडलेली हातभर जागा. तिचं पाऊल थांबलं. मग ती खुर्चीमागून वळसा घालून गेली आणि पलीकडून हात लांब करून तिने कापूस काढला.