दोन तोंडांची लांडगी आणि नाचणारा खांब

मित्रांनो, मी सांगते त्यावर तुम्ही मुळीच विश्वास ठेवणार नाही. लावा पैज! करमाडच्या माळावर दोन तोंडांचं, सहा पायांचं जनावर मी स्वतःच्या काचेनं पाहिलंय. हसलात ना? हसा, पण पुढं ऐका.

मी एक जुनी कॅमेऱ्याची लेन्स आहे. लांबलचक, आणि दुधाच्या भरल्या कॅनसारखी जड. दूरच्या कारखान्यात माझ्या काचा घासून घासून इतक्या लख्ख केल्या की चंद्रावरचे सगळे खड्डे मी एका रात्रीत मोजले. आकडा तेवढा विसरले. पुढं छत्रपती संभाजीनगरात अनिसानं मला जुन्या सामानातून उचललं. ती शाळेत भूगोल शिकवते आणि सुट्टीत पाखरं-जनावरं टिपत हिंडते. वेरूळच्या डोंगरात माझ्यातून टिपलेलं घुबड शाळेच्या भिंतीवर लागलं, त्या दिवशी मी आनंदानं इंचभर वाढले.

माझ्या गळ्यात दोरीनं बांधलेलं एक काळं झाकण आहे. लई गरीब बिचारं. स्वतःचं तोंड कधी उघडत नाही, फक्त माझं बंद करतं.

तर, मे महिना होता. गाडी चालवायला अनिसाचे अब्बा, सरदारभाई. माळावर पोचताच अनिसानं खिडकीची काच खाली केली, मला दारावर टेकवलं, आणि समोर खडकापाशी लांडगी! खटाखट फोटो निघाले. घरी येऊन पाहते तर काय? लांडगीला दोन तोंडं, सहा पाय, अंग सगळं पाण्यातल्या सावलीसारखं वाकडंतिकडं!

"हे असं का आलं असेल?" असं विचारत तिनं फोटो पक्षिमित्रांच्या ग्रुपवर टाकला. तिथून तो उडाला तो थेट करमाडला जाऊन बसला. सकाळीच सांडूतात्यांचा फोन. माळावर गेलो की आम्ही ज्यांच्या घरी पाणी पितो, ते हे तात्या.

"मॅडम, तुमचं ते दोन तोंडांचं भूत आमच्याच माळावर हाय ना? गाव लई भ्यालंय. ऊन कललं की पोरं काठ्या घिऊन निघत्यात. मारूनच टाकतो."

"तात्या, थांबा! ती साधी लांडगी आहे हो!"

"मग फोटो खोटा व्हय?"

अनिसानं फोन ठेवला आणि फोटो पुन्हा उघडला. फोटो खोटा नव्हता, आणि लांडगीही तशी नव्हती. मग मधेच कुठं गडबड झाली?

आळ अर्थातच माझ्यावर! तिनं मला उजेडासमोर धरलं. बुरशी नाही, तडा नाही. मला ओरखडे पडू नयेत म्हणून पुढं लावलेली जादा काच काढून ठेवली आणि भर दुपारी अब्बांना गाडी माळाकडं पळवायला लावली. तिथं गाडीच्या खिडकीतूनच तिनं आधी विजेचा खांब टिपला, कारण खांब सरळ असतो हे सगळ्यांना ठाऊक. तर खांब नाचतोय!

"जमीन तापलीय, हवा लहरतेय," ती म्हणाली आणि तिनं अगदी जवळची टिटवी टिपली. तिला तीन चोची! "इतक्या जवळ इतकी लहर? अब्बा, गडबड आपल्यापाशीच आहे."

मला धरलेला तिचा हात खिडकीत होता. आतलं कोपर गारठलेलं, बाहेरची बोटं भाजत होती. ती किंचाळलीच, "अब्बा, एसी बंद करा!"

"कायकू? परवाच नवा गॅस भरलाय! गाडीत बर्फ पडला पायजे."

"तुमचा बर्फच खिडकीतून बाहेर पडतोय, अब्बा! गार हवा आणि गरम हवा लेन्सच्या तोंडाशीच घुसळतेय!"

सरदारभाईंनी जिवावर आल्यासारखं बटण दाबलं. दारं सताड उघडली. जरा थांबून, खटाक! खांब सरळ! इतका सरळ की त्यावरच्या मुंग्यासुद्धा ताठ चालत होत्या, मी पाहिलंय.

तोवर ऊन कललं आणि काठ्या आल्याच, पुढं तात्या, मागं पोरं. अनिसा आडवी उभी राहिली आणि तिनं खांबाचे दोन्ही फोटो तात्यांपुढं धरले.

"आयला!" तात्या म्हणाले. "मॅडमनी एसी लावला की आमचा खांब पिऊन येतो व्हय?"

सगळे हसले, पण काठ्या खाली येईनात. "खांबाचं ऱ्हाऊ द्या, जनावराचं दाखवा," कुणीतरी म्हणालं. आणि खडकाआडून लांडगी बाहेर आली!

"तात्या, खांदा द्या," अनिसा कुजबुजली.

"अगं, मेलो नाय मी अजून!"

"लेन्स टेकवायला हो! हलू नका."

तात्यांनी श्वास रोखला. मीही रोखला. खटाक!

एक तोंड. चार पाय. आणि मागून डोकावणारं पिल्लू! दुसरं तोंड त्याचंच होतं. जादा पायही त्याचेच.

"लेकुरवाळी हाय रं," तात्या हळूच म्हणाले. एकेक काठी खाली आली.

म्हणून सांगते मित्रांनो, आम्हा लेन्सांना ओढणीनं पुसू नका, गारठ्यातून एकदम उन्हात काढू नका, आणि कुणी वाकडं दिसलं तर आधी आपल्या तोंडापुढची हवा तपासा. खरी गंमत तर पुढंच झाली. ती लांडगी थेट माझ्यापाशी आली, माझ्या काचेत वाकून पाहिलं, पिल्लाला वर उचलून मला दाखवलं, आणि मी माझ्या या काचेनं...

"खोटं!"

झाकण बोललं! जन्मात पहिल्यांदा.

"फोटो निघाल्याबरोबर अनिसानं मला तुझ्या तोंडावर बसवलं. म्हणाली, बस, आता तिला जाऊ द्या. तात्यांनी सगळ्यांना मागं सारलं. पिल्लू तोंडात धरून ती लांबूनच गेली, आणि कुणी हूं की चूं केलं नाही. ते सगळं मी पाहिलंय. तू अंधारात होतीस!"