मायेचे दोन इंच

"यांना जाता येईल, पण परत येता येणार नाही," काउंटरवरची बाई म्हणाली.

हे दुसऱ्याच कुणाबद्दल चाललंय, असं शिवणबाईंना वाटलं. त्यांनी मागे वळूनही पाहिलं. मागे नुसती रांग होती, चाकांच्या बॅगा इंचाइंचाने पुढे ढकलणारी. काचेपलीकडे जहाज उभं होतं, चांगलं आठ मजली. चार दिवसांची सहल होती. शेजारच्या देशाच्या बंदरावर जायचं, दिवसभर भटकायचं आणि त्याच जहाजाने परत यायचं. आई आली की आईला समुद्रावर न्यायचं, हे इथे परदेशात राहणाऱ्या लेकीने सहा महिन्यांपासून घोकलं होतं.

"चारच दिवसांचा तर प्रश्न आहे," जावई अजिजीने म्हणाले. "हवं तर आई जहाजातून उतरणारसुद्धा नाहीत."

"उतरा नाहीतर नका उतरू. जहाज निघालं की देश सोडल्याचा शिक्का बसतो. यांचा व्हिसा एकदाच आत येण्याचा आहे, आणि ते एकदा झालं." बाईचा आवाज कठोर नव्हता, दिवसातून दहादा तेच सांगणाऱ्याचा होता. "जायचंच असेल तर आजींना तिकडच्या बंदरावरून थेट त्यांच्या मायदेशी जावं लागेल."

लेक आईकडे वळली. "आई, अर्जात 'अनेकदा' असा चौकोन नव्हता?"

"होता."

"मग?"

शिवणबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. अर्ज भरून देणाऱ्या दुकानातल्या माणसाने विचारलं होतं, मावशी, किती वेळा जाणार? त्यावर त्या चटकन म्हणाल्या होत्या, एकदाच हो! लेकीच्या घरी काय सारखं सारखं जायचं?

"मला वाटलं, उगाच कशाला हावरटासारखं लिहायचं," त्या पुटपुटल्या. "जावईबापू काय म्हणतील?"

जावईबापू बिचारे बुटांकडे बघू लागले. लेकीने कपाळावर हात मारला.

हा स्वभाव जुना होता. वाढणारा दोन हात लांब असतानाच यांचा हात ताटावर आडवा व्हायचा. मोटारीत बसताना अंग चोरून, एका मांडीवर. कुणी काही विचारलं की पहिला शब्द 'नको', दुसरा 'कशाला'. शाळेचे गणवेश शिवण्यात तीस वर्षं गेली, तिथे मात्र बाई उलट्या होत्या. प्रत्येक फ्रॉकच्या घडीत, शिवणीत त्या माया सोडायच्या, म्हणजे जास्तीचं कापड आत दुमडून ठेवायच्या. कापड वाया घालवता म्हणून आया कुरकुरल्या, की म्हणायच्या, "पोर वाढणार आहे ना? मग माया नको?" गावभरच्या पोरींना दोन-दोन इंच दिले आणि स्वतःच्या अर्जात अर्धा इंचही सोडला नाही.

"असं करा," त्या आता म्हणाल्या. "मी येते जहाजावर आणि तिकडूनच जाते घरी. तुमची सहल तरी मोडायला नको."

"आणि इथले ठरलेले दोन महिने?" लेकीचा आवाज चढला. "येऊन दहा दिवस झालेत, आई! दहा!"

"बरं, मग तुम्ही तिघं जा. मी राहते घरी. चार दिवस काय, असे निघून जातील. एकटीची सवय आहे मला."

रांगेत कुणीतरी मोठ्याने सुस्कारा टाकला. नात आजीच्या हाताला लोंबकळत 'आजी चल ना' म्हणत होती. लेकीचा वाद घालायचा जोरच गेला.

"बरं. राहशील ना नीट?"

"हो तर."

जावयांनी घराची किल्ली शिवणबाईंच्या हातात दिली. टॅक्सी करून देतो म्हणाले, त्यावर 'कशाला' झालंच. तिघं रांगेच्या दोरीपलीकडे निघाली. शिवणबाई हसून हात हलवत होत्या. आयुष्यभर लोकांनी त्यांचं 'नको' खरं धरलं, तसं लेकीनेही धरलं. यात तिचं काय चुकलं? पण हलणारा हात खालीच आला.

"ऐक ना," त्या म्हणाल्या. ते कुणाला ऐकूच गेलं नाही. पुन्हा म्हणाल्या, "अगं, ऐक!"

लेक वळली.

"तू नको जाऊस. माझ्याजवळ राहा."

एवढं बोलून त्या इतक्या ओशाळल्या, की त्यांना जमिनीत शिरावंसं वाटलं. लेक दोरीशी परत आली. मग तिने नातीचा हात नवऱ्याच्या हातात दिला.

"खुशाल राहा," जावई म्हणाले. "आम्ही दोघं जातो. हिची वेणी घालणं तेवढं जमेलसं वाटत नाही."

तासाभराने जहाज हललं. धक्क्यावरच्या बाकावर मायलेकी बसल्या होत्या. वरच्या कठड्याशी निळा ठिपका दिसत होता. तो नातीचा फ्रॉक, शिवणबाईंनी गेल्या आठवड्यात लेकीच्या मशीनवर खास सहलीसाठी शिवलेला. सुईत दोरा मात्र लेकीने ओवून दिला होता, त्यांना आता भोक दिसत नव्हतं.

"घडीत माया किती सोडलीयेस?" लेकीने विचारलं.

"दोन इंच."

"म्हणजे दोन वर्षं चालेल. मग उसवून खाली कोण सोडणार? मला नाही हं येत."

'बघू' हा शब्द शिवणबाईंच्या ओठांवर आलाच होता. तो त्यांनी गिळला.

"मी येईन," त्या म्हणाल्या.

लेक सरकून जवळ बसली. शिवणबाई निळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत बघत राहिल्या. आज पहिल्यांदाच त्या ऐसपैस, मागे टेकून बसल्या होत्या.