जिभेखालची गोळी

अनारकुलशी लग्न ठरलं तेव्हा असानाली सत्तेचाळिशीत होता आणि डोक्यावरचा कलपाक सहसा खाली ठेवत नव्हता. जेवतानासुद्धा नाही. त्याचा बालपणापासूनचा दोस्त मेदेर चारचौघांत म्हणायचा, "याच्या कलपाकावर याच्या डोक्यापेक्षा जास्त लोकर आहे." असानाली हसायचा, पण टोपी घट्ट करायचा.

पहिली बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती. घोड्या, शिंगरं आणि सोन-कुल तळ्याकाठचं उन्हाळी कुरण, एवढ्यातच त्याचं आयुष्य जाणार असं सगळ्यांनी धरून ठेवलं होतं. मग कोचकोरच्या शाळेत स्वयंपाक करणारी, मोठ्यानं हसणारी ही विधवा बाई त्याला भेटली. तिनं हो म्हटल्यावर असानाली आधी बिश्केकला गेला. तिथं एका क्लिनिकात पांढरा कोट घातलेल्या माणसानं त्याच्या टकलावर बॅटरी मारली आणि कॅप्सूलची बाटली हातात ठेवली.

"रोज एक, पाण्याबरोबर. वसंतापर्यंत फरक दिसेल."

दुसरी कसली औषधं चालू आहेत का, हे त्यानं विचारलं नाही. असानालीनंही कॅप्सूलमध्ये काय आहे ते विचारलं नाही.

आणि खरंच फरक दिसला. बर्फ वितळल्यावर कुरणावर हिरवी लव धरते ना, तशी काळी लव त्याच्या डोक्यावर धरली. लग्नानंतर अनारकुलनं पहिल्यांदा तिच्यावरून हात फिरवला तेव्हा तीच दचकली.

"अगं बाई! हे तर कोकराच्या पाठीसारखं लागतंय!"

असानाली आरशापुढे कितीतरी वेळ उभा राहिला. मेलेलं म्हणून सोडून दिलेलं काहीतरी आपल्याच अंगावर पुन्हा उगवतंय, हे त्याच्या पचनी पडत नव्हतं.

पण कळप वर कुरणावर नेईपर्यंत दुसरीच गोष्ट त्याच्या ध्यानात आली. बायको जवळ यायची आणि त्याच्या अंगात काहीच जागं व्हायचं नाही. आधी त्याला वाटलं, थकवा. मग वाटलं, वय. मग तो तंबूत उशिरा जाऊ लागला आणि पहाटे लवकर बाहेर पडू लागला. कॅप्सूलचा त्याला संशयही आला नाही. तिनं तर त्याला तरुण केलं होतं!

एकदा भर दुपारी घोडीच्या दुधाचं आंबट कुमिस घुसळता घुसळता अनारकुलनं हात थांबवला. "अहो, माझं काही चुकलं का?"

"छे."

"मग माझ्याकडे बघून बोला ना."

त्यानं खोगीर उचललं आणि तो घोड्यांकडे निघून गेला. पाठीमागे घुसळणीचा आवाज बराच वेळ सुरू झाला नाही.

त्याच दिवशी त्यानं तळ्याकाठी मेदेरला गाठलं. मेदेरनं त्याला पाहताच तोंड उघडलं, "काय नवरदेव, तोंड असं आंबलेलं का?" पण असानालीनं मान खाली घालून सगळं सांगितलं, आणि मेदेर आयुष्यात पहिल्यांदा चेष्टा करायला विसरला. त्यानं कोटाच्या आतल्या खिशातून गोळ्यांची पट्टी काढली.

"मेहुणा आणतो अल्माटीहून. अर्धीच घे. असर दीड-दोन दिवस राहतो."

"तू घेतोस?"

"तुला काय करायचंय? आणि हे बघ, मेहुण्यानं एक बजावून सांगितलंय. हृदयवाले जिभेखाली धरतात ना ती गोळी, ती हिच्यावर चालत नाही. माणूस जागच्या जागी आडवा होतो म्हणे."

"मला कुठं हृदयाचं दुखणं आहे?"

"म्हणूनच तर देतोय, गाढवा."

असानालीनं अर्धी नव्हे, अख्खी घेतली. त्या रात्रीचं काही सांगण्यासारखं नाही, एवढंच की सकाळी अनारकुल चूल पेटवताना गुणगुणत होती.

ऊन वर आलं तसं दोघं घोड्या दोहायला गेली. ती दूध काढायची, तो शिंगराला आईच्या खांद्याशी धरून उकिडवा बसायचा. त्या दिवशी करड्या घोडीची पाळी होती, लाथाळ म्हणून सगळ्या कुरणावर बदनाम. दूध निघालं, असानाली झटक्यात उठला, आणि समोरचं तळं पांढरं झालं. मग डोंगर पांढरे झाले. पाय कुठं आहेत तेच कळेना. तो थेट घोडीच्या पोटाखाली कोसळला.

अनारकुल पुढं कित्येकदा सांगायची: घोडीनं मागचा पाय उचलला होता, तो खाली टेकवलाच नाही. खुराखाली त्याचं डोकं होतं. लोक त्याला ओढून बाहेर काढेपर्यंत ते चिडकं जनावर तीन पायांवर थरथरत उभं राहिलं.

असानालीला शुद्ध आली तेव्हा वर निळं आभाळ होतं आणि भोवती चेहरे. शेजारच्या तंबूतली म्हातारी बातमा आपा, तिचे दोन्ही मुलगे, त्यांच्या बायका. बातमा आपा कमरेच्या पिशवीतून काचेची नळी काढत होती.

"हृदय आहे हे! माझा म्हातारा असाच पडला होता. ही घे सुनबाई, याच्या जिभेखाली ठेव. पटकन!"

अनारकुलनं गोळी घेतली आणि त्याच्या तोंडाशी नेली. तांदळाच्या कणीएवढी पांढरी गोळी. असानालीला मेदेरचा आवाज आठवला आणि त्यानं दात आवळले.

"अहो, तोंड उघडा ना! उघडा!" ती रडत होती. तिची बोटं त्याच्या ओठांवर दाबत होती.

बोलायचं तर तोंड उघडावं लागणार, आणि तोंड उघडलं की गोळी आत जाणार. त्यानं सगळा जोर एकवटून तिचं मनगट धरलं. भोवती बायका, पोरं, गावभर बोलणारी तोंडं. क्षणभर त्याला खरोखर वाटलं, जाऊ दे, आडवं झालेलं बरं. मग त्यानं तिच्या डोळ्यांत पाहिलं. किती दिवसांनी पाहत होता तो.

"नको," तो पुटपुटला. "मी काल मेदेरची गोळी घेतलीय. ती... पुरुषांची. तिच्यावर ही चालत नाही. मरेन मी."

असानालीनं डोळे मिटून घेतले आणि हशाची वाट पाहिली.

हशा पिकलाच नाही. बातमा आपा धपकन खाली बसली. "बोललास ते बरं केलंस रे बाळा," ती म्हणाली. "माझ्या हातून गेला असतास तू."

अनारकुलनं तळहात उघडला. ती पांढरी कणी तिथं तशीच होती. बातमा आपाचे मुलगे, सुना, सगळे वाकून त्या कणीकडे बघत राहिले, जणू तळहातावर विंचू बसला होता. एवढ्याशा गोष्टीच्या अल्याड एक माणूस होता आणि पल्याड काहीच नव्हतं.

त्यांनी त्याचे पाय खोगिरावर उंच ठेवले आणि त्याला घोट घोट पाणी पाजलं. मग मेदेरच्या गाडीतून त्याला नारिनला नेलं. वाटेत मेदेर एकदाच बोलला, "अर्धी म्हणालो होतो ना रे!" आणि मग डोळे पुसत गाडी चालवत राहिला.

इस्पितळातली हृदयाची डॉक्टर बाई होती, रिस्कान नावाची, अनारकुलपेक्षा लहान. असानालीनं तिच्यापुढं मान खाली घातली. मग अनारकुलनंच कॅप्सूलची बाटली आणि गोळ्यांची पट्टी टेबलावर ठेवली.

डॉक्टरनं बाटली फिरवून वाचली. "बाइके," तिनं असानालीला थोरल्या भावाच्या मानानं हाक मारली, "ही केसांसाठी ना? हिच्यात दोन औषधं आहेत. एक मुळात रक्तदाबाचं. नसा सैल करतं, त्यानं केसही येतात. दुसरं पुरुषाच्या हार्मोनला आवरतं, म्हणून केस गळत नाहीत. पण काही जणांचं त्यानं अंथरुणातलं बळही ओसरतं."

असानालीनं मान वर केली. "म्हणजे... या बाटलीमुळं?"

"बहुतेक. आणि मग तुमच्या मित्राची गोळी. तीही नसा सैल करते. दोन्ही एकदम, तीही अख्खी, आणि वर उकिडवं बसून झटक्यात उठलात. रक्त पायात उतरलं, डोकं रिकामं."

"मग दोन्ही कधीच घ्यायची नाहीत?" अनारकुलनं विचारलं. मेदेर भिंतीकडे बघू लागला.

"तसं नाही, एजे," ती अनारकुलला मोठ्या बहिणीसारखं म्हणाली. " केस टिकवणारं औषध आणि ही गोळी एकमेकांच्या वैरी नाहीत. पण ज्यानं त्रास होतोय तेच गिळत राहायचं आणि वर दुसरं ओतायचं, कशाला? ही बाटली बंद करू. केसांना वरून लावायचं औषध देते, ते रक्तात फारसं उतरत नाही. काही महिने वाट पाहू. बळ आपोआप परत आलं तर छान. नाही आलं तर रक्तदाब बघून, लहान मात्रेची गोळी मीच देईन. आणि जिभेखालची गोळी तिच्याबरोबर कधीही नाही. कुठल्याही डॉक्टरकडं गेलात, अँब्युलन्समध्ये झोपलात, तरी पहिलं वाक्य हेच."

मग तिनं त्याला पलंगावर झोपवलं, छातीला गार चिकट मलम लावलं आणि यंत्राचा दांडा टेकवला. पडदा उजळला.

असानालीला आधी कळेना की काय हलतंय. करड्या अंधारात काहीतरी मुठीसारखं आवळत होतं, सुटत होतं. दोन पातळ झडपा उघडत होत्या, मिटत होत्या. कुणी सांगत नव्हतं, कुणी हाकत नव्हतं.

"हे कुणाचं?" त्यानं विचारलं.

"तुमचंच. आत्ताचं."

"मी झोपतो तेव्हा?"

"तेव्हाही. आईच्या पोटात होतात तेव्हापासून थांबलं नाही. चांगलं आहे, बाइके. मजबूत आहे."

दाराशी उभा असलेला मेदेर कुजबुजला, "आयला, याला खरंच हृदय आहे!" आणि कुणीतरी हसेल म्हणून वाट बघत राहिला. असानालीला ऐकूही आलं नाही. आयुष्यभर त्यानं घोड्यांच्या छातीला कान लावले होते, शिंगरं जगतील की नाही ते ओळखलं होतं. स्वतःच्या आत हे असं चाललंय, केस असोत नसोत, अंथरुणात जमो न जमो, हे त्याला कधी सुचलंच नव्हतं.

"डॉक्टर," अनारकुल हळूच म्हणाली, "माझं पण बघता येईल?"

बाहेर लोक खोळंबले होते. रिस्कान दाराकडे पाहत क्षणभर थांबली, मग तिनं मेदेरला बाहेर पाठवलं आणि पलंगाभोवतीचा पडदा ओढला.

अनारकुल झोपली. असानाली खुर्ची ओढून यंत्राजवळ बसला. तिचं हृदय त्याच्यापेक्षा लहान होतं, आणि जास्त घाईत. तो वाकला, आणखी वाकला. इतके दिवस तो जिच्या नजरेपासून पळत होता, तिच्या आत हे इतकं काम चाललं होतं, रात्रंदिवस, त्याच्या शेजारी.

"काय दिसतंय?" तिनं विचारलं.

त्यानं तिचा हात धरला आणि पडद्याकडे बघत राहिला.

"सांगा ना. घाबरवू नका."

"थांब," असानाली म्हणाला. "बघू दे मला."