नबविया कोण?

मी बोलतेय, इस्माईलियात कालव्याकाठच्या चहाघरात खिळ्याला टांगलेली झमझमिया. म्हणजे लष्करातली पाण्याची बाटली. माझ्याबद्दल इथे जे सांगायचे त्यातलं अक्षरही खरं नव्हतं, आणि ते ऐकून ऐकून माझं डोकं फिरलं होतं.

कारखान्यातून निघाले ती थेट शहाता नावाच्या शिपायाच्या कमरेला. त्याच्या तुकडीत आणखी एक शहाता होता, बापाचं नावही तेच. तो मेला मला पळवायचा आणि माझ्यात गोडमिट्ट चहा भरायचा. शेवटी आमच्या शहाताने खिळ्याने माझ्या अंगावर आईचं नाव कोरलं, नबविया, आणि वरून घट्ट खोळ चढवली. आपलीच बाटली ना, हे तो खोळ जराशी सरकवून एकटाच बघायचा. आमच्याकडे पुरुष आईचं नाव चारचौघांत घेत नाहीत; ते सोबत्यांना कळलं की संपलंच, जन्मभर त्याच नावाने चिडवणार. त्याचा दोस्त सब्री तर रोज खोदून खोदून विचारायचा.

लढाईत खंदक ढासळला. शहाता बाहेर पडला, मी वाळूत राहिले. एकोणपन्नास वर्षं.

आंब्याची बाग लावताना कुणीतरी मला उकरून काढलं. खोळ कधीच कुजली होती. चहाघराच्या मालकाने, रिफातने, नाव वाचलं आणि बेधडक पाटी लावली, 'वीर परिचारिका नबविया'. वर गिऱ्हाइकांना सांगायचा, या बाईने गोळ्यांच्या माऱ्यात सत्तर जखमींना पाणी पाजलं. लोक माझ्यासोबत फोटो काढायचे. हे तुला कुणी सांगितलं, असं एकालाही विचारावंसं वाटलं नाही.

गेल्या महिन्यात सब्रीबरोबर शहाता आला, काठी टेकत. मला पाहून जागीच थबकला.

"ही माझी आहे."

"हाजी, तुमचं नाव नबविया का?" रिफातने विचारलं. सगळं चहाघर खो खो हसलं.

आता तरी बोलेल, असं मला वाटलं. पठ्ठ्याने मान खाली घातली आणि चालता झाला. दुसऱ्यांदा मला टाकून. माझा नुसता संताप संताप झाला.

तो दाराशी पोहोचला तोच रिफातने नव्या गिऱ्हाइकापुढे गोष्ट सुरू केली. "बिचारीचं लग्नही झालं नव्हतं. मूल ना बाळ."

शहाता वळला. "आहे की. मी तिचा मुलगा. नबविया माझी आई."

आता कुणी हसलं नाही. सब्री तेवढा म्हणाला, "पन्नास वर्षं लावलीस, गाढवा," आणि त्याने डोळे पुसले.

"माझ्या लग्नपत्रिकेत तिचं नाव नव्हतं," शहाता म्हणाला. "मेली तेव्हा पेपरात छापलं, शहाताची आई. तिचं नाव मी आयुष्यात एकदाच लिहिलं, ते हिच्यावर."

रिफातने मला काढून त्याच्या हातात दिलं. त्याने अक्षरांवरून अंगठा फिरवला आणि मला परत खिळ्याला लावलं. "पाटी बदल," तो म्हणाला. "वाचू देत लोकांना."

पाटी बदलली. पण अजूनही पुरुष माझ्यापुढे येऊन ते नाव ओठांतल्या ओठांत पुटपुटतात, चोरी केल्यासारखे. त्याची मला भयंकर चीड येते. तुम्ही कधी आलात, तर मोठ्याने वाचा.