साहस आणि आंघोळीचा टब

माहेराहून परतलेली थोरली सून बाइंडिंगच्या खोलीच्या दारातच थबकली. तिच्या कागद कापायच्या मशीनच्या जागी आंघोळीचा टब होता, आणि टबात धाकटा दीर ऐसपैस पसरला होता.

"मशीन कुठंय?"

"वहिनी, कुत्र्यांचं सलून काढतोय. भंगारवाल्याला मशीन दिलं, त्यानं टब दिला. आज फोडणार आहे तो ते."

"भावजी, त्या मशीनवर हे घर जेवतं."

"जुनं झालं होतं हो."

"जुने तर तुम्हीही झालात. तुम्हाला दिलं का कुणी भंगारात?"

नवरा कोपऱ्यात काठीनं पुस्तकं चिकटवायचा सरस ढवळत होता. सरस कधीच तयार झाला होता, पण हात थांबला असता तर तोंड उघडावं लागलं असतं.

तेवढ्यात मामंजी आले. भाषेचे निवृत्त शिक्षक. घराला आग लागली तरी आधी 'अग्नी'ची व्युत्पत्ती सांगून मग बादली शोधतील असे.

"सूनबाई, धंद्यात साहस लागतं. मूळ शब्द सहस्, म्हणजे बळ. गंमत अशी, की जुन्या धर्मशास्त्रात साहस हा गुन्हा आहे. मालकाच्या देखत, जबरदस्तीनं नेलं की साहस."

"आणि मालकाच्या माघारी नेलं तर?"

मामंजींनी चष्मा पुसला. "त्याला चोरी म्हणतात."

"मी माहेरी होते."

"बाबा, तुम्ही कुणाच्या बाजूनं..." धाकटा उठत म्हणाला.

"गप्प बस." जन्मभर व्याकरण शिकवलेल्या मामंजींना इतकं आटोपशीर वाक्य पहिल्यांदाच जमलं होतं.

सुनेनं टबाला असा हिसडा दिला, की भावी उद्योजक फरशीवर आले.

"सगळ्यांच्या देखत नेतेय. अहो, ती काठी ठेवा आणि दुसरी बाजू धरा."

"अगं, पण तो भंगारवाला काय म्हणेल?"

"धरा."

त्यानं धरली. भर रस्त्यातून टब निघाला. लोक वाट देत गेले; तिचा चेहरा बघून कुणी काही विचारलं नाही.

भंगारवाल्यानं घण उचललाच होता. "बाई, व्यवहार झालाय," तो म्हणाला.

"माझ्याशी नाही झाला." ती मशीनवर चढून बसली. "घाला घण."

बसायला दुसरं काही नव्हतं म्हणून नवरा टबात बसला. गिऱ्हाईकं यायची, मशीनवरची बाई आणि टबातला गृहस्थ बघायची आणि आल्या पावली परतायची. दिवेलागणीला भंगारवाल्यानं घण ठेवला आणि हातगाडीवाल्याला हाक मारली.