हळद लावलेला पडदा

पडद्याची एक कडा किंचित पिवळी होती. एरवी तो कांद्याच्या आतल्या पापुद्र्याइतका पातळ, पारदर्शक. खिडकीच्या उजेडात धरला तेव्हाच ती कडा दिसली. गेल्या काही पडद्यांनाही असाच पिवळेपणा होता. इथल्या पाण्याचा दोष असावा, असं कौशल्याबाईंनी शेषरावांना कळवून टाकलं होतं.

जळगाव जामोदच्या सरकारी दवाखान्यात त्या एकट्याच डॉक्टर. कॉलेजातले सोबती शेषराव आता मुंबईच्या प्रयोगशाळेत होते. बाळंतपणानंतर पडणाऱ्या वारेवरचा पातळ पडदा भाजल्या जागी लावला, तर त्याच्या आसऱ्यानं नवी कातडी धरते का, हे दोघं मिळून पाहत होते.

सोजराबाईचा उजवा हात हुरड्याच्या आगटीत भाजला होता. पहिला पडदा छान बसला. नंतरचे सगळे कुजले. हात काढायचं केव्हाच ठरवायला हवं होतं. पण "अजून एक लावून बघू," असं शेषराव दर वेळी म्हणत, आणि कौशल्याबाईंनाही तेच ऐकायचं असे. आता बोटं काळी पडली होती, सूज कोपराकडे सरकत होती. म्हणून आज शेषराव स्वतः आले होते.

पडदा आणून देणारी सुईण अंबूबाई दारातच बसली होती.

"अंबूबाई, हे पिवळं कशाचं?" कौशल्याबाईंनी विचारलं.

"हळदीचं. दुसरं कायचं राह्यते?" अंबूबाई म्हणाली. "वार पुराची त हळद-कुंकू लावूनच पुरतो आपण. तुमी पुरू देत नाही. मंग काय उघडीबोडकीच द्याची तुमाले? लेकराची सोबतीण हाये ते."

"प्रत्येक वेळी लावलीस?"

"पहिल्या बारीले राह्यलं. त्या घरात हळदच नव्हती. मंग दर बारीले मी माह्या पाट्यावरची वाटून नेली." कौशल्याबाईंनी पडदा वाटीत परत ठेवला, तशी ती कचरली. "काऊन बाई, चुकलं काही?"

"तुझं नाही. मी कधी विचारलंच नाही."

शेषराव उठून उभे राहिले. त्यांचा आवाज खाली आला होता, पण त्यात आशा होती. "म्हणजे बाकीचे त्या पाट्यावरच्या हळदीनं कुजले. तो पहिलाच खरा. कौशल्या, बिनहळदीचा एक मिळाला तर..."

"कशावर लावणार?"

शेषरावांची नजर सोजराबाईच्या काळ्या बोटांवर गेली.

पलीकडच्या खाटेवरून सोजराबाईनं मान वर केली. "नवा पडदा आला का हो बाई? संकरात येऊन राह्यली. लाडू वळाचे हायेत. डाव्या हातानं वळले त लोक घरी नेऊन कुत्र्याले टाकतीन."

अंबूबाई हसली. कौशल्याबाईंनी पडद्याची वाटी झाकली, खाटेशी गेल्या, आणि सोजराबाईचा डावा हात हातात घेतला.

"सोजराबाई, हात काढावा लागेल. कोपराच्या वरून. आजच."