हुकूम दोन वाटांनी

धरणाची मुख्य अभियंता आणि पाटबंधारे खात्याचे सचिव ही सख्खी भावंडं. खात्यात सगळ्यांना ठाऊक होतं, पण कामाच्या वेळी दोघंही ते विसरल्यासारखं वागत. म्हणून त्या दुपारी नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर सचिवांचा चेहरा आला, तेव्हा ती नेहमीसारखं म्हणाली, "बोला, साहेब."

"वर डोंगरात ढगफुटी झालीय. सगळे दरवाजे चार-चार फूट उचला. लगेच."

यंत्रचालकाचा हात बटणाकडे गेला.

"थांबा," ती म्हणाली.

नदी पुढे सीमा ओलांडून शेजारच्या देशात जात होती. गेल्या वर्षी दुसऱ्या एका धरणावर असाच हुकूम आला होता. चेहरा मंत्र्यांचा, आवाजही मंत्र्यांचाच. कुणीतरी तो संगणकाकडून बनवून घेतलेला. पाणी सुटलं, शेजाऱ्यांचा पूल वाहून गेला, दोन्हीकडच्या फौजा समोरासमोर उभ्या राहिल्या. हुकूम आमचा नव्हताच, हे पटवताना सरकारच्या नाकी नऊ आले. तेव्हापासून नियम झाला: मोठं पाणी सोडायचं तर हुकूम पडद्यावरून यायला हवा आणि मुख्यालयाच्या स्वतंत्र तारेवरच्या फोनवरूनही. तार बंद असेल तर हुकूम देणाऱ्यानं स्वतः येऊन सही करायची.

यंत्रचालकानं तारेवरचा फोन उचलला. मुका. वरच्या नदीतल्या पाण्याचे आकडे चढत होते खरे, पण तेही पडद्याच्याच जाळ्यातून येत होते.

"साहेब, तार बंद आहे. तुम्ही स्वतः या."

"अगं, यायला दोन तास लागतील! चिमे, मी आहे. दादा. आईची शपथ!"

यंत्रचालकानं मान खाली घातली. हाक अगदी दादाचीच होती. पण घरची हाक तरी कुठं घरात राहिली होती? आईच्या पंच्याहत्तरीचा सगळा व्हिडिओ, या हाकेसकट, भाचीनं जगाला दाखवला होता.

"दादा असशील तर चिडशील, पण येशील," ती म्हणाली. "नसशील तर बोलत बस."

तिनं पडदा बंद केला. तिच्या स्वतःच्या अधिकारात एक दरवाजा थोडासा उघडता येत होता, तो तिनं उघडायला लावला.

"आणि भोंगा वाजवा. काठावरची माणसं वर जाऊ देत."

"मॅडम, खोटं निघालं तर?"

"चार शिव्या देतील. वाहून तर जाणार नाहीत."

दादा आला तो चिखलानं माखून, दारातूनच ओरडत. "उघड! आता तरी उघड!"

"आधी सही."

त्यानं सही केली. रागानं पेन कागदात घुसलं. दरवाजे उचलले गेले. पण एव्हाना पाणी इतकं चढलं होतं की ठरल्यापेक्षा दुप्पट सोडावं लागलं. खालचं पंपघर बुडालं आणि शहराचे नळ आठवडाभर कोरडे राहिले. माणसं मात्र सगळी वाचली.

चौकशी बसली. "चूक झाली, एवढं लिहून द्या, प्रकरण मिटेल," अध्यक्ष म्हणाले.

"पंपघर माझ्यामुळे बुडालं, हे लिहून देते. चूक झाली, हे नाही. उद्या असाच हुकूम आला तर मी हेच करीन."

अध्यक्षांनी सचिवांकडे पाहिलं. "तुम्ही यांच्या जागी असता तर?"

"मी उघडले असते," दादा म्हणाला. "बहिणीचा आवाज मला कळणार नाही का, असं म्हणून उघडले असते. म्हणून त्या खुर्चीत मी नको, तीच हवी."

ठपका तिच्या नावावर बसला, खुर्ची राहिली आणि नियमही राहिला. भावंडांचा अबोला मात्र महिनाभर चालला. शेवटी आईनंच दोघांना जेवायला बोलावलं आणि दम भरला, "एकाच मुशीतून काढलीत मी दोघं, तुमचा हट्ट मला नका दाखवू."

जेवून हात धुताना दादा म्हणाला, "बाकीच्या धरणांवरच्या लोकांना हे शिकवायला जाशील का?"

"रजा कापणार नसशील तर जाईन."

"ते दिवस कामाचेच धरतो," तो म्हणाला, आणि तिच्या हातातला टॉवेल ओढून घेतला.